किटलीतली दुसरी चिठ्ठी

१

शनिवारी दुपारी सव्वाचारच्या सुमारास आमच्या छापखान्यातून कागदाचा एक कपटा नाहीसा झाला. छापखान्यातून कपटा जाणं म्हणजे विहिरीतून ओंजळभर पाणी जाणं. पण या एका कपट्यापायी रविवार उजाडेपर्यंत दोनशे माणसं एकमेकांच्या उरावर बसायच्या बेतात होती, आणि त्यातल्या निम्म्यांच्या मते चोर मी होतो.

मी तिथला मुद्रितशोधक. तीस वर्षं लोकांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या, म्हणून मला वेलांटीमास्तर म्हणतात. तोंडावर नुसतं मास्तर. कामगार संघटनेच्या अध्यक्षपदाची निवडणूक आली की निवडणूक अधिकारी मीच. माझं कुणाशी वाकडं नाही आणि कुणाशी फार गोडही नाही, एवढीच माझी लायकी.

या खेपेला उमेदवार दोन. एक ताई. बांधणी खात्यात पुस्तकांची शिलाई करणाऱ्या बेचाळीस बायकांची ही म्होरकी. बोलणं कमी, पण बोलली की टाका पक्का. दुसरा दादा, चार रंगांच्या मोठ्या मशीनवरचा मुख्य कारागीर. आवाज मशीनच्या वरचढ आणि मन मऊ. मालकांनी शिलाई खातं बंद करून ते काम बाहेर द्यायचं ठरवलं होतं. सोमवारी अकरा वाजता नव्या अध्यक्षाशी त्यांची शेवटची बोलणी होती. ताई म्हणायची, एकही बाई घरी जाणार नाही. दादा म्हणायचा, ताणलं तर तुटतं, निम्म्या बायका तरी वाचवू. निवडणुकीचा सगळा सवाल हाच.

मतपत्रिकेवर ताईची खूण सुई आणि दादाची चाक. मतं पडली दोनशे तेरा. सुई एकशे सहा. चाक एकशे सहा. एक मत बाद.

नियम सांगतो, समान मतं पडली तर चिठ्ठी टाकावी. मी सगळ्यांसमोर पेन्सिलीनं दोन चिठ्ठ्या लिहिल्या, घड्या घातल्या आणि कॅन्टीनच्या रिकाम्या किटलीत टाकल्या. कॅन्टीनच्या मावशींनी किटली तीनदा गदागदा हलवली, डोळे मिटून हात घातला आणि एक चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली.

दादा.

मशीन खात्यानं त्याला खांद्यावर घेतलं. आरडाओरडा, शिट्ट्या, थाळ्या. तो धुरळा जरा बसल्यावर शिलाई खात्यातली एक जण म्हणाली, "मास्तर, दुसरी चिठ्ठी दाखवा की."

मी टेबलाकडे वळलो. किटली जागेवर नव्हती. दहा मिनिटांनी ती कॅन्टीनच्या ओट्यावर सापडली. मी उलटी केली. आत काही नाही.

"दोन्ही चिठ्ठ्यांवर दादाच असणार," मागून कुणीतरी म्हणालं. वणवा पेटायला तेवढं पुरलं.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर ताई माझ्या टेबलाशी आली. ओरडली नाही. खाली बघत विचारलं, "मास्तर, दुसऱ्या चिठ्ठीवर माझंच नाव होतं ना?"

"होतं," मी म्हणालो.

ती नुसती मान हलवून गेली. तिचा विश्वास बसला की नाही, मला कळलं नाही.

२

संघटनेच्या नियमांत एक कलम आहे. तक्रार आली तर दोन्ही उमेदवारांना मान्य असा बाहेरचा माणूस पंच नेमावा, आणि निकाल सोमवारी दहाच्या आत पक्का करावा. दोघांनी एकाच दमात एकच नाव घेतलं: पंचबाई.

पंचबाई कारखान्यांच्या फुटबॉल सामन्यांत पंचवीस वर्षं शिट्टी वाजवत होत्या. आता बासष्टीच्या, गुडघे कुरकुरतात, पण नजर घारीची. दादा ऐन विशीत गोलरक्षक असताना त्यांनी त्याला मैदानाबाहेर काढलं होतं. तो अजून म्हणतो, "बाई बरोबर होत्या. मी लाथ घातली होती."

रविवारी सकाळी नऊ वाजता त्या कॅन्टीनमध्ये येऊन बसल्या. समोर दादा, ताई आणि मी.

"मोजणीला कोण कुठे बसलं होतं, ते दाखवा. तोंडानं सांगू नका, बसून दाखवा."

आम्ही टेबल कालच्यासारखं मांडलं. एका बाजूला टाइमकीपरची जागा. मतपेटी उघडून एकेक पत्रिका काढायची, घडी उलगडायची, 'सुई' किंवा 'चाक' असं ओरडायचं आणि पत्रिका टेबलावर ठेवायची, हे त्याचं काम. समोर दोघांचे दोन प्रतिनिधी: दादाचा मेहुणा आणि ताईची नणंद. ते पत्रिका बघून गठ्ठ्यांत लावायचे. मी मागच्या फळ्यापाशी खडूनं रेघा मारत उभा. पलीकडे खिडकीला चाळीस-पन्नास डोकी चिकटलेली.

"फळा कुणाला दिसत होता?"

"सगळ्यांना. म्हणून तर तिथे लावला होता."

"मतदानाचं सामान कुठे होतं? शिक्का वगैरे?"

"टाइमकीपरच्या पत्र्याच्या डब्यात. मतदान संपल्यावर त्यांनीच गोळा केलं."

पंचबाईंचं लक्ष माझ्या बोटांकडे गेलं. बोटं जांभळी होती. "हे काय?"

"शिक्क्याचं पॅड वाळून खडंग झालं होतं," मी वैतागून म्हणालो. "या दादाच्या मेहुण्यानं अक्कल लढवली आणि मशीनची शाई आणून पॅडवर चोपडली. तेलकट शाई ती! कागदात मुरायला अर्धा तास घेते. ज्यानं शिक्का धरला, त्याचे हात असे झाले."

दादा हसला आणि आपले पंजे पुढे केले. ते बारा महिने तसेच असतात. ताईच्या बोटांवरही डाग होता.

पंचबाईंनी वही मिटली. "बरं. आता एकेकाला आत पाठवा. आणि दादा, सगळ्यात आधी ज्यानं किटली नेली त्याला पाठवा. कोण होता तो?"

दादाचा चेहरा उतरला. "माझा मेहुणा," तो म्हणाला.

३

मेहुणा आला तो घाम पुसतच.

"बाई, देवाशप्पथ सांगतो, चिठ्ठी मी घेतली नाही. दादा जिंकला, मला भान राहिलं नाही. किटली दिसली, उचलली, उलटी करून बडवत सुटलो. ढोल नव्हता ना! मशीन खात्याला दोन फेऱ्या मारल्या आणि ओट्यावर आणून ठेवली."

"आत चिठ्ठी आहे, हे ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं, पण आठवलं नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "बायको कालपासून बोलत नाही माझ्याशी. म्हणते, माझ्या भावाच्या विजयाला तू शेण फासलंस."

मावशी आल्या त्या कमरेला पदर खोचून, भांडायच्या तयारीनं. "माझे डोळे घट्ट मिटलेले होते. पन्नास जणांनी बघितलंय. आणि मला चीटिंग करायची असती तर मी ताईची चिठ्ठी काढली असती! माझी सून शिलाईत आहे, माहितीये का?"

"किटली त्यानंतर वापरली?"

"छे! तिला पोचे पडलेत बडवून बडवून. नवी मागितलीय मी."

शेवटी टाइमकीपर. तो आमच्या फाटकावरच्या काचेच्या केबिनमध्ये हजेरी मांडतो. पाच मिनिटं उशीर झाला की अर्ध्या दिवसाची रजा कापतो. घड्याळ त्याच्या केबिनच्या आत असतं. त्यात किती वाजले हे तोच जाणे. लोक त्याला मागून 'लेटमार्क' म्हणतात आणि पुढून वाकून नमस्कार करतात. रविवार असूनही त्याचा शर्ट परीटघडीचा, पांढराशुभ्र, बाह्या मनगटापर्यंत.

"बाई, वेळ कशाला घालवायचा?" तो अगदी गोड बोलला. "गडबड असलीच तर किटलीतच असणार. मोजणी तर मी स्वतः केली. दोन्ही प्रतिनिधी हजर होते. ती तपासायची गरज नाही. चिठ्ठ्या मास्तरांनी लिहिल्या, मास्तरांनीच घड्या घातल्या. मी काही बोलत नाही, पण..."

"पण काय?"

"वय होतं माणसाचं. चुकून एकच नाव दोनदा लिहिलं गेलं असेल."

मी ताडकन उठलो. पंचबाईंनी मला हातानं गप्प केलं. "मावशी, ती किटली आणा. आणि तांब्याभर पाणी."

पोचे पडलेली किटली टेबलावर आली. पंचबाईंनी आत हात घालून चाचपलं. काही नाही. मग तिच्यात पाणी ओतलं आणि ती परातीवर वाकडी केली.

तोटीतून धार यायला हवी होती. थेंब आले. एक, दोन, तीन.

"मावशी, तुमची किटली नेहमी अशीच कुंथते का?"

"नाही हो! भस्सकन ओतते."

पंचबाईंनी पाणी काढून टाकलं. ताईनं केसांतली पिन काढून पुढे केली. त्या पिनेनं तोटीच्या आतल्या तोंडाशी खरवडल्यावर कागदाचा एक ओला बोळा बाहेर आला. हलवाहलवीत आणि बडवाबडवीत तो तोटीत जाऊन घट्ट बसला होता.

पंचबाई तो नखानं उलगडायला लागल्या.  लिहिलं मीच होतं, पण त्या क्षणी मला माझ्याच हाताची खात्री वाटेना.

४

पेन्सिल पाण्यानं पुसली जात नाही. अक्षर स्वच्छ होतं.

ताई.

मी खुर्चीत कोसळलोच. दादानं माझ्या पाठीवर थाप मारली. दारात थांबलेला मेहुणा तर धावत बायकोला सांगायला गेला. मावशींनी चहा टाकला. टाइमकीपर घड्याळ बघत बाहेर पडला.

ताई उठली. तिनं दादाला हात जोडले. "चिठ्ठी खरी होती, दादा. तू जिंकलास. उद्या मालकांसमोर माझ्या बायकांचं तेवढं बघ."  मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, काल मला तुमची शंका आली होती. माफ करा."

 मी चष्मा पुसत बसलो.

"बसा," पंचबाई म्हणाल्या. "सामना संपला असं मी म्हटलेलं नाही."

"पण बाई, चिठ्ठी सापडली की."

"चिठ्ठी सापडली. तुम्ही मला बरोबरी सुटली कशी एवढंच विचारलंत. बरोबरी झाली कशी, हे कुणी विचारलंच नाही." त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. "मी आयुष्यात चाळीसेक बरोबऱ्या सोडवल्या असतील. नाणं उडवून, पेनल्टीवर, गोलफरकावर. एकदा तर दोन संघ इतके सारखे निघाले की कुणाला पिवळी कार्डं कमी, यावर ठरवलं. आणि प्रत्येक वेळी लोक माझ्या नाण्याकडे डोळे फाडून बघायचे. नाणं खरं आहे ना, दोन्हीकडे छापा तर नाही ना. मुलींच्या एका अंतिम सामन्यात एक-एक झालं. नाणं उडवलं, एक संघ हरला, पोरी रडत घरी गेल्या. नाणं शंभर टक्के खरं होतं. पण त्या संघाचा एक गोल मी ऑफसाइड म्हणून नाकारला होता, आणि महिन्याभरानं फोटो बघितला तेव्हा कळलं, तो ऑफसाइड नव्हता. ती बरोबरी मुळात नव्हतीच. मी तयार केली होती ती."

त्या माझ्याकडे वळल्या.

"तेव्हापासून बरोबरी दिसली की मी नाण्याकडे बघत नाही. मास्तर, ते बाद मत. मोजताना कितवं आलं?"

मी आठवलं. "शेवटचं."

"त्या आधी फळ्यावर काय होतं?"

"एकशे सहा, एकशे सहा." बोलता बोलता मलाच चरका बसला. "खिडकीत एकच गिल्ला झाला होता. सगळे उभे राहिले, फळ्याकडे बघायला लागले. मी शेवटची रेघ मारत होतो. मग टाइमकीपर म्हणाले, 'थांबा, हिच्यावर दोन शिक्के दिसतात,' आणि पत्रिका माझ्या खुर्चीसमोर ठेवली."

"बाद का केलंत?"

"सुईवर शिक्का, चाकावरही शिक्का. दोन्ही ठसठशीत. दुसरं काय करणार? दोन्ही प्रतिनिधींनी मान्य केलं. मी ती तशीच उघडी, घडी न घालता पाकिटात घातली आणि मोहोर लावली."

"मोहोर तोडा. पाकीट आणा. आणि दोन्ही गठ्ठेसुद्धा."

दोन्ही उमेदवारांच्या समोर मी मोहोर तोडली. पंचबाईंनी पत्रिका टेबलावर पसरायला सुरुवात केली. पाच, दहा, वीस. मग बाद पत्रिका त्यांच्या मधोमध ठेवली आणि दादाला म्हणाल्या, "तू मशीनवरचा माणूस. हे वीस कागद बघ आणि हा एक बघ. काय वेगळं आहे?"

दादा वाकला. पाच सेकंद बघत राहिला. मग त्याच्या मानेवरची शीर ताठ झाली.

"मास्तर," तो हळू म्हणाला, "हिच्यावर एक भूत कमी आहे."

५

छापखान्याबाहेरच्या माणसासाठी हे भूत काय ते सांगतो. ताजा छापलेला कागद दुसऱ्यावर दाबला की ओली शाई त्यावर उमटते. फिकट, आणि आरशातल्यासारखी उलटी. आम्ही तिला भूत म्हणतो. मशीनवर ते दिसलं की दादा शिव्या घालतो.

आमची मतपत्रिका साधी होती. डाव्या अर्ध्यात सुई आणि चाक, एकाखाली एक. उजवा अर्धा कोरा. मतदारानं शिक्का मारायचा, मधोमध घडी घालायची, पेटीत टाकायची. शिक्का ओला, शाई तेलकट. त्यामुळे घडी पडली की समोरच्या कोऱ्या भागावर भूत उमटायचंच. वीसच्या वीस पत्रिकांवर जांभळा शिक्का होता आणि समोर त्याचं फिकट भूत होतं.

बाद पत्रिकेवर शिक्के दोन होते. भूत एकच.

सुईसमोर भूत होतं. चाकासमोरचा कागद कोरा करकरीत.

"म्हणजे मतदारानं घडी घातली तेव्हा सुईवरचाच शिक्का होता," ताई एकेक शब्द टाकत म्हणाली. "चाकावरचा नंतर बसला. घडी उघडल्यावर."

"मोजणीच्या टेबलावर," पंचबाई म्हणाल्या. "आता पाकीट फाडा. आतून बघू."

मी पाकीट कडेनं फाडून उलगडलं. आतल्या बाजूला एक भूत होतं, चांगलं गडद. एकच. मी पत्रिका त्यावर ठेवून बघितली. ते बरोबर चाकावरच्या शिक्क्याशी जुळत होतं. सुईचा शिक्का तोवर वाळून गेला होता. चाकाचा मी पाकिटात घातला तेव्हा ओला होता. मतदान संपून दोन तास झाल्यावरही ओला!

"बोलवा सगळ्यांना," पंचबाई म्हणाल्या.

मेहुणा आला, नणंद आली, टाइमकीपर आला. आता खिडकीला कालच्यापेक्षा दुप्पट डोकी होती. बातमी रविवारीही बरोबर पोचते. पंचबाईंनी कागद दाखवून सगळं सांगितलं. 

"घडी उघडल्यापासून पाकिटात जाईपर्यंत ही पत्रिका दोघांच्याच हातात होती," त्या म्हणाल्या. "टाइमकीपर आणि मास्तर. प्रतिनिधींनी ती नुसती लांबून बघितली."

सगळ्या नजरा माझ्याकडे वळल्या. टाइमकीपरनं ती संधी सोडली नाही. "मी मघाशीच म्हणालो होतो. मास्तर..."

"मास्तर त्या वेळी फळ्यापाशी होते. हातात खडू होता. या खिडकीतली पन्नास माणसं त्यांच्याकडेच बघत होती. हो की नाही?"

"हो!" खिडकी एका आवाजात गरजली.

"ते खुर्चीत येऊन बसले तेव्हा दोन शिक्के आधीच जाहीर झाले होते. जाहीर तुम्ही केलेत. शिक्का तुमच्या डब्यात होता, डबा तुमच्या मांडीशी. सगळे फळा बघत होते, तेव्हा तुम्ही शेवटची पत्रिका उघडलीत. चाक असतं तर तुम्हाला काहीच करायचं नव्हतं. सुई निघाली."

"कशावरून?" त्याचा आवाज चढला. "मेहुण्यानं हात लांबवला नसेल कशावरून? शाई त्यानंच आणली होती!"

"त्यानं आणली, म्हणूनच तो नाही." पंचबाईंनी मेहुण्याकडे बोट केलं. "हा मशीनवरचा. ही नणंद ओले छापील फर्मे हाताळते. मास्तर जन्मभर ओली प्रुफं वाचतात. यांच्यातल्या कुणीही लबाडी केली असती तरी कागद तसाच सोडला नसता. कालची घडी पुन्हा दाबून भूत उमटवलं असतं, मगच पुढे केला असता. या खोलीत ओल्या शाईचा स्वभाव ठाऊक नसलेला माणूस एकच होता." त्यांनी त्याच्या पांढऱ्या बाहीकडे बघितलं. "ज्याच्या हाताला कामात कधी शाई लागत नाही तो."

टाइमकीपर बाहीचं बटण चाळवत बसला.  मग एकदम फुटला.

"मी तिला हरवलं नाही! फक्त बरोबरी केली! चिठ्ठी तिची निघाली असती तर तीच जिंकली असती. चिठ्ठी खरी होती ना? तुम्हीच म्हणालात!"

"पण का?" दादानं विचारलं. तो रागावलेला नव्हता. दुखावलेला होता, आणि तेच जास्त भारी होतं. "मी सांगितलं होतं का तुला?"

"ती घड्याळ बाहेर लावणार होती." त्यानं ताईकडे बघितलंही नाही. "फाटकावर, सगळ्यांना दिसेल असं. जाहीर सभेत म्हणाली. वीस वर्षं माझ्यापुढे मान खाली घालून जातात सगळे. मग माझ्या केबिनमध्ये राहणार काय?"

 खरं सांगू? एक क्षण मला त्याची कीव आली. मग त्यानं माझ्या वयाचा काढलेला विषय आठवला आणि गेली.

"हरणाऱ्याला बरोबरी म्हणजे अर्धी जीत वाटते," पंचबाई उठत म्हणाल्या. "पण तो अर्धा भाग कुणाच्या तरी पुऱ्या विजयातून कापलेला असतो. मास्तर, नियम काय सांगतो?"

नियम मला तोंडपाठ होता. मतदारानं एकाच खुणेवर शिक्का मारला असेल तर मत ग्राह्य. नंतर कुणी काय केलं याच्याशी मतदाराचा संबंध नाही.

मी फळ्यापाशी गेलो. खडू उचलला. 

६

पण खडू टेकायच्या आत दादा पुढे आला. "मास्तर, द्या इकडे."

मला वाटलं, आता हा अडवतो. मेहुण्यालाही तसंच वाटलं असावं. तो "दादा..." म्हणत अर्धा उठला.

दादानं खडू घेतला आणि सुईखालच्या आकड्यावरून बोट फिरवून तो पुसला. तिथे आपल्या ढोबळ अक्षरात एकशे सात लिहिलं. आपल्या एकशे सहाला त्यानं हात लावला नाही. मग वळला आणि मशीनवर ओरडतो त्या आवाजात खिडकीकडे बघून ओरडला, "अध्यक्ष कोण?"

"ताई!" आधी शिलाईच्या बायका. मग बांधणी खातं. मग, मी माझ्या कानांनी ऐकलं, मशीन खात्यातली पोरं.

बायका दार ढकलून आत घुसल्या. कुणी हसतंय, कुणी डोळे पुसतंय. मावशींच्या सुनेनं ताईला उचलायचा प्रयत्न केला आणि दोघी बाकावर धडपडल्या. ताई हसत होती. तीस वर्षांत मी तिला एवढं तोंड भरून हसताना बघितलं नव्हतं. टाइमकीपर भिंतीच्या कडेकडेनं निघून गेला. त्याला कुणी अडवलं नाही. त्याचं काय करायचं ते संघटना ठरवील, एवढंच ताई म्हणाली.

मी निकालपत्रावर सही केली. पंचबाईंनी खाली त्यांची केली आणि निघताना माझ्या कानाशी म्हणाल्या, "त्या हरलेल्या संघातल्या पोरी आता चाळिशीच्या आहेत. दोघींचे पत्ते आहेत माझ्याकडे. जाऊन येते म्हणते."

सोमवारी अकरा वाजता मालकांच्या खोलीत ताई गेली. कागदपत्रं वाचायला मला बरोबर घेतलं, आणि दादाला तिनं स्वतः बोलावलं.

मालक शांत, अभ्यास करून आलेले. "अभिनंदन," ते म्हणाले. "पण एक मत. एकच. म्हणजे निम्मा छापखाना तुमच्या विरुद्ध आहे बाई. त्यांच्याही वतीनं तुम्ही अटी घालणार?"

ताई उत्तर देणार, एवढ्यात पायाखालची थरथर थांबली. त्या इमारतीत फरशी कायम थरथरते, आम्हाला ती जाणवतही नाही. थांबली तेव्हा जाणवली. मोठं मशीन बंद पडलं होतं.

मालक चपापले. "काय झालं?"

"काही नाही साहेब," दादा म्हणाला. "खिडकीतून बघा."

खाली आवारात सगळे उभे होते. शिलाईच्या बायका पुढे, आणि त्यांच्या मागे खांद्याला खांदा लावून मशीन खातं. घोषणा नाही, फलक नाही. नुसते उभे. मेहुणा सगळ्यांच्या पुढे, छाती काढून.

"ज्यांनी मला मतं दिली ते एकशे सहाही त्यातच आहेत," दादा म्हणाला. "मोजून घ्या हवं तर. मी त्यांच्याबरोबर, ते माझ्याबरोबर, आणि आम्ही सगळे हिच्याबरोबर. मी निम्म्या बायका वाचवायचं म्हणत होतो. चुकीचं होतं ते."

मालकांनी खिडकीतून ती डोकी न्याहाळली. मग खुर्चीत बसले, कागद ओढला आणि लिहून ताईपुढे सरकवला. तिनं तो सावकाश वाचला. वाचून परत सरकवला.

"शिलाई खातं तूर्त चालू राहील, असं लिहिलंय तुम्ही," ती म्हणाली. "त्यातलं 'तूर्त' काढा."

मालकांनी तिच्याकडे बघितलं. मग दादाकडे. मग पुन्हा खिडकीकडे. त्यांनी पेन उचललं आणि तो शब्द खोडला. बाजूला सही केली.

ताईनं कागदाची घडी घातली आणि खिडकी पूर्ण उघडली. खाली दोनशे चेहरे वर वळले.

"एकही बाई घरी जाणार नाही!" ती म्हणाली.

त्यानंतर खाली जो आवाज उठला, तो मशीनला बारा महिन्यांत कधी जमला नव्हता.